फोन आला तेव्हा सई तळ्यावर होती

"नाइन-वन-वन, तुमचा पत्ता सांगा."

नोकरीतलं हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय, की घरचा फोन वाजला तरी तेच तोंडात यायचं. लोकांना वाटतं, आम्ही आधी "काय झालं?" असं विचारत असू. तसं नाही. आधी पत्ता. फोन कधीही तुटू शकतो, बोलणारा माणूस बेशुद्ध पडू शकतो, कोणी त्याच्या हातातून फोन हिसकावून घेऊ शकतो. काय झालंय ते कळलं नाही तरी गाडी पाठवता येते. कुठे झालंय ते कळलं नाही, तर काहीच करता येत नाही.

शिकागोच्या वायव्येला, शॉमबर्गच्या आसपास, एकमेकांना खेटून बरीच उपनगरं आहेत. त्यांतल्या काहींचे इमर्जन्सीचे फोन एका ठिकाणी येतात. तिथे मी बरीच वर्षं काम केलं आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. नागपूरहून नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले होते. पुढे काम करायची परवानगी मिळाली आणि लायब्ररीतल्या फळ्यावर जाहिरात दिसली. मुलाखतीत विचारलं, "चार जण एकदम बोलत असताना तुम्ही शांत राहू शकता का?" मी म्हटलं, "मी एकत्र कुटुंबात वाढलेय." समोरचे गृहस्थ हसले नाहीत, पण नोकरी मिळाली.

आमच्या खोलीत दोन प्रकारची माणसं बसतात. एक फोन घेतात, प्रश्न विचारतात आणि उत्तरं टाइप करत जातात. दुसरी ती उत्तरं समोरच्या पडद्यावर वाचून रेडिओवरून पोलिसांना, ॲम्ब्युलन्सला, अग्निशमन दलाला पाठवतात. मी बहुतेक वेळ फोनवर असे. सिनेमात दाखवतात तसं रोज काही घडत नाही. फोडणीचा धूर झाला आणि अलार्म वाजला, धुराड्यात रकून नावाचं मांजराएवढं जनावर अडकलं, शेजाऱ्याने बर्फ आपल्या दारात ढकलला, असंच बरंचसं असतं.

आपल्या लोकांचे फोन यायचे ते वेगळ्याच कारणाने. भारताचा कोड ९१. घाईत त्याच्या आधीचे आकडे राहिले आणि पुढे चुकून एक दाबला गेला, की ९११ होतं आणि पुण्याला लावलेला फोन आमच्याकडे वाजतो. एकदा एक काकू थेट म्हणाल्या, "शोभा, अगं कैऱ्या मिळाल्या का?" मी इंग्रजीत पत्ता विचारला. "अय्या, राँग नंबर!" म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला. असा तुटलेला फोन आम्ही सोडून देत नाही, उलट फोन करतोच. मी मराठीतच म्हटलं, "काकू, घाबरू नका. घरी सगळं ठीक आहे ना?" पलीकडून आवाज आला, "कुणाची गं तू?"

तरीही नियमाप्रमाणे एक पोलीस अधिकारी त्यांच्या दारात जाऊन आला. परतताना त्याने रेडिओवर कळवलं की सगळं ठीक आहे, आणि आपल्याला एक पिवळा गोळा देण्यात आला आहे, तो खायचा असतो का?

हे सांगायला मजा येते. ज्या फोनांनी मला घाबरायला शिकवलं ते सांगायला मजा येत नाही. पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

त्यातला एक फोन एका वडिलांचा होता. त्यांचा मुलगा विशीतला, अंगाने दांडगा, फारसं न बोलणारा. त्या दिवशी त्याला कसला तरी त्रास होत होता. तो भिंतीवर डोकं आपटत होता आणि वडिलांना आवरत नव्हता. "मला फक्त कोणीतरी मदतीला पाठवा," ते म्हणत होते. "पोलीस नकोत. प्लीज, पोलीस नकोत." मी ठरलेले प्रश्न विचारले. मानसिक आजार आहे का? हिंसक होतो का? त्याच्या हातात शस्त्र आहे का?

"शस्त्र? छे हो. स्क्रूड्रायव्हर आहे. वॉशिंग मशीन उघडत होता. त्याला आवडतं ते."

मी 'स्क्रूड्रायव्हर' असं टाइप केलं. करावंच लागतं. दारात जाणाऱ्या माणसाला ते माहीत असायला हवं. पण वॉशिंग मशीन, आवडतं, डोकं आपटतोय, वडील रडतायत, हे सगळं त्या ओळीत मावत नाही. गाडीतल्या छोट्या पडद्यावर तीन-चार शब्द उमटतात आणि अधिकारी तेवढे वाचून दार ठोठावतो. पुढचं सगळं मी हेडसेटमध्ये ऐकलं. "टाक ते खाली!" असा ओरडा, मग धडपड, आणि वडिलांचं एकच वाक्य पुन्हा पुन्हा, "त्याला कळत नाहीये, त्याला कळत नाहीये." मुलगा वाचला. त्याचा हात खांद्यातून निखळला होता.

त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा माझी मुलगी सई जेवणाच्या टेबलाशी बसून गृहपाठ करत होती. कानांवर बांधकामावरचे लोक लावतात तसे जाड पिवळे हेडफोन. मी कुकर लावणार होते. शिट्टीचा आवाज तिला सोसत नसे, म्हणून ती आधीच तयार होऊन बसली होती. मी तिच्याकडे नुसती बघत राहिले.

सई आमची एकुलती एक. लहानपणी वेळेवर बोलली, वेळेवर वाचायला लागली. बालवाडीत बाईंनी तिचं कौतुकच केलं, की ही कधी भांडत नाही. तिला हव्यात त्या गोष्टींमध्ये ती तासन् तास रमायची. दहाव्या वर्षापासून ते वेड होतं गूजचं. गूज म्हणजे इथले मोठे राखाडी हंस. आमच्याकडे प्रत्येक ऑफिस पार्कमध्ये, म्हणजे कचेऱ्यांच्या आवारात, पावसाचं पाणी साठवायला खोदलेलं एक तळं असतं, आणि तळं तिथे गूज असतातच. काहींच्या पायात अभ्यासकांनी घातलेली कडी असतात. सई दुर्बिणीने त्यांवरचे आकडे वाचायची. कोणता पक्षी कुठून आला, कोणाची जोडी कोणाशी, ते तिला पाठ असायचं. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणी काकू विचारायच्या, "काय गं, कशी आहेस?" ही त्यांना गूजबद्दल सांगायला लागायची आणि थांबायचीच नाही.

मला शंका होती. मी ती डॉक्टरांना बोलूनही दाखवली होती. "ऑटिझम असेल का?" ते म्हणाले, "ती माझ्या डोळ्यांत बघून बोलते. मार्क उत्तम आहेत. बाहेरून आलेल्या कुटुंबांतली पहिल्या पिढीची मुलं जरा बुजरी असतात." नंतर कित्येक वर्षांनी सईने मला सांगितलं, की ती डोळ्यांत बघतच नाही. ती दोन भुवयांच्या मध्ये बघते. सातवीत कधीतरी आरशासमोर सराव करून शिकली होती.

हायस्कूलमध्ये गेली आणि सगळं फिसकटलं. हजारो मुलं, दर तासाला घंटा, कॅन्टीनमध्ये कानठळ्या बसवणारा गोंगाट. एके दिवशी आगीचा सराव म्हणून सायरन वाजला. सई लॉकरला टेकून खाली बसली, हाताला चावली, डोकं आपटायला लागली आणि उचलायला आलेल्या शिक्षिकेला तिने ढकललं. शाळेने तिला थेट हॉस्पिटलमध्ये पाठवलं. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती.

तिथे एका तरुण डॉक्टरने मला आणि श्रीकांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बाहेर बसायला सांगितलं. त्यांचं म्हणणं, मुलं आईवडिलांसमोर मोकळेपणाने बोलत नाहीत. आत काय विचारलं गेलं ते नंतर सईकडूनच कळलं.

"इतरांना ऐकू येत नाहीत असे आवाज तुला ऐकू येतात?"

"हो."

"डोक्यात कोणी बोलतं का?"

"हो. रोज."

"काय बोलतं?"

"तू विचित्र आहेस. तू गप्प बस."

सईने एकही शब्द खोटा सांगितला नव्हता. दाराबाहेर बोलणाऱ्या नर्सेस तिला ऐकू येत होत्या, छतावरचा दिवा गुणगुणत होता तोही ऐकू येत होता. आणि डोक्यात जे रोज बोलायचं, ती सातवीत असताना वर्गातल्या एका मुलीने ऐकवलेली वाक्यं होती, जी सई पुन्हा पुन्हा आठवत राहायची. पण हे तिला कोणी विचारलं नाही आणि विचारलं नाही ते सई सांगत नाही. संध्याकाळी आम्हाला आत बोलावून सांगण्यात आलं, की तुमच्या मुलीला सायकोसिस आहे, तिचा वास्तवाशी संबंध तुटतो आहे. लवकर लक्षात आलं, हे नशीब समजा.

औषधं सुरू झाली. पहिल्या महिन्यात ती शांत झाली आणि आम्ही समाधान मानलं. मग हात थरथरायला लागले. दुर्बीण धरता येईना. अंगावर सूज चढल्यासारखं वजन वाढलं. त्यानंतर आला तो अस्वस्थपणा. ती बसू शकत नव्हती. स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात, दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात, दिवसभर येरझाऱ्या. "आई, माय लेग्ज वोंट स्टॉप," म्हणायची. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आजार बळावतोय. डोस वाढवला.

घरात कोणी मोठ्याने बोलेनासं झालं. कुकर मी गॅरेजमध्ये इलेक्ट्रिक शेगडीवर लावायला लागले. श्रीकांत ऑफिसमधून आला की गाडीत बसून आधी मला मेसेज करायचा, "आत येऊ का?" आम्हाला आमच्या मुलीची भीती वाटत होती असं लोकांना वाटेल. तशी नव्हती. आम्हाला भीती होती ती तिच्यावर धावून येऊ शकणाऱ्या सगळ्या माणसांची. आणि त्याहून मोठी भीती ही, की डॉक्टर बरोबर असतील. तसं असेल तर आमची ही सई हळूहळू संपत चाललीय आणि आपण नुसते बघत बसलोय.

त्याच काळात एकदा घरातला धुराचा अलार्म वाजला, सईने काचेची बशी भिंतीवर फेकली आणि किंचाळली. शेजाऱ्यांनी पोलिसांना फोन केला. दोन अधिकारी आले, सौजन्याने वागले, तिचं काय निदान झालंय ते विचारून गेले. श्रीकांतने खरं ते सांगितलं.

त्यानंतर कामावर असताना एकदा आमच्या रस्त्यावरच्या एका किरकोळ अपघाताचा फोन आला. नकाशावर माझ्याच घरावर एक छोटं लाल चिन्ह दिसलं. आमच्या यंत्रणेत प्रत्येक पत्त्याला सूचना जोडता येते. इथे मोठा कुत्रा आहे, इथे ऑक्सिजनचं सिलिंडर आहे, अशा. माझ्या घराची सूचना होती : 'किशोरवयीन मुलगी, सायकोसिस, हिंसक होऊ शकते.'

मी ती सूचना काढून टाकण्याबद्दल माझ्या सुपरवायझरशी, टेरीशी बोलले. टेरी माझ्या वयाची, कडक, पण मनाची चांगली. ती म्हणाली, "डॉक्टरांचं पत्र आण, मी बदलते." डॉक्टरांनी पत्र दिलं असतं तर त्यात काय लिहून आलं असतं ते मला ठाऊक होतं. मी ते मागितलंच नाही. त्या दिवसापासून कामावर प्रत्येक फोन उचलताना पत्ता आमच्या रस्त्याचा नाही ना, ते मी आधी बघायचे. आया शाळेतून येणाऱ्या फोनची वाट बघतात, दवाखान्यातून येणाऱ्या फोनची वाट बघतात. मी तिथेच बसले होते, जिथे तो फोन येणार होता.

तो आला मार्चमध्ये, दुपारी. बर्फ वितळून गेला होता, तरी हवा बोचरी होती. शाळा त्या दिवशी अर्धाच दिवस होती. सई बसने घरी येणार होती आणि श्रीकांत घरून काम करत होता.

"नाइन-वन-वन, तुमचा पत्ता सांगा."

माणसाने एका ऑफिस पार्कचं नाव सांगितलं. आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. "इथे तळ्याच्या काठावर एक बाई आहे. वेडी असावी. स्वतःशीच बोलतेय. हातात मोठी कात्री आहे आणि ती गूजना मारतेय."

"कपडे कसे आहेत?" माझी बोटं टाइप करत होती.

"काळा कोट. धिप्पाड आहे. आणि कानांवर ते पिवळे... बांधकामवाले लावतात ना, तसं काहीतरी."

मी उरलेली ओळ टाइप केली की नाही ते मला आजही आठवत नाही. आठवतो तो माझा उजवा हात. तो वर गेला होता. स्वतःच्या माणसाचा फोन कोणी हाताळायचा नाही, हात वर करून सुपरवायझरला बोलवायचं, हा नियम. माझ्या शेजारच्या डॉनाने फोन तिच्याकडे ओढून घेतला. टेरी मागे येऊन उभी राहिली.

"माझी मुलगी आहे," मी म्हटलं.

टेरीने मला खुर्चीतून उठवलं. पडद्यावर सगळं एकत्र आलं होतं. बाई, कात्री, स्वतःशी बोलते. खाली नकाशात, दोन रस्ते सोडून, माझ्या घराचं लाल चिन्ह. रेडिओवरच्या मुलाने दोन गाड्या पाठवल्याही होत्या.

"पटकन सांग," टेरी म्हणाली. "त्यांना काय माहीत असायला हवं?"

"ती ऑटिस्टिक आहे."

टेरीने माझ्याकडे पाहिलं. तिला सूचना ठाऊक होती. "तसं निदान झालंय?"

"नाही."

"वैशाली, मी हे ऑन रेकॉर्ड बोलणार आहे."

"मी तिची आई आहे. ती ऑटिस्टिक आहे. सायरन वाजवू नका म्हणावं. दिवे बंद. तिला हात लावायचा नाही. एकानेच बोलायचं. काही विचारलं तर लगेच उत्तर येणार नाही, वाट बघावी लागेल. ती उद्धट नाही. तिला वेळ लागतो." मी हे सगळं एका दमात म्हटलं असावं. टेरीने रेडिओचं बटण दाबून शब्दन् शब्द सांगितला. फक्त पहिल्या वाक्यात तिने दोन शब्द जोडले : 'आईच्या म्हणण्यानुसार.'

मग मला वाट बघायची होती. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले होते, "मदत निघाली आहे, माझ्याशी बोलत राहा." पलीकडच्या माणसाला ते ऐकून काय वाटत असेल ते मला तेव्हा कळलं. मी श्रीकांतला फोन केला. तो चप्पल घालूनच पळत सुटला.

रेडिओवर आवाज आला. "दिसली. पाण्याच्या कडेला आहे. कात्री हातात आहे."

मग बराच वेळ काहीच नाही.

"बोललो. उत्तर देत नाहीये."

टेरी शांतपणे म्हणाली, "वेळ द्या. उत्तर येईल."

पुन्हा काही नाही. तेवढ्यात दुसरी गाडी पोचली आणि कोणाचं तरी बटण दाबलेलं राहिलं असावं, कारण मला मागून ओरडणं ऐकू आलं, "टाक ते! कात्री खाली टाक!" तोच आवाज नव्हता, पण तेच शब्द. मी रेडिओकडे वळले. डॉनाने मला धरलं. खोलीतले सगळे आपापल्या फोनवर बोलत होते आणि सगळ्यांच्या नजरा आमच्याकडे होत्या.

मग पहिल्या अधिकाऱ्याचा आवाज. जरा चढलेला, पण सईवर नाही. "मागे हो. मागे हो म्हणतोय ना. मी बोलतोय तिच्याशी." आणि थोड्या वेळाने आम्हाला, "ती म्हणतेय कात्री आत्ता खाली ठेवता येणार नाही. अजून दोन गाठी राहिल्यात."

"कसल्या गाठी?" टेरीने विचारलं.

"पक्ष्याच्या पायाला मासे पकडायची दोरी गुंडाळलीय. ती कापतेय." मग म्हणाला, "मी थांबतो."

एवढंच. मी थांबतो. एका माणसाने आपल्या समोर कात्री उघडी असताना, मागे सहकारी घाई करत असताना, दोन गाठी सुटेपर्यंत उभं राहायचं ठरवलं.

टेरीने मला घरी जायला सांगितलं. मी तळ्यावर पोचले तेव्हा सई ओल्या गवतात बसली होती, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि श्रीकांत तिच्यापासून थोड्या अंतरावर, तिला चालेल इतक्या अंतरावर, बसला होता. कात्री गवतावर होती. आमच्या स्वयंपाकघरातली, मसाल्याची पाकिटं कापायची; श्रीकांत मीटिंगमध्ये असताना ती घरी येऊन घेऊन गेली होती. पक्षी केव्हाच पाण्यात गेला होता.

"आई," ती म्हणाली, "ही सेड 'ड्रॉप इट.' बट देन द ब्लेड वुड गो इन हर लेग."

"बरोबर आहे," मी म्हटलं. मला तिला मिठीत घ्यायचं होतं. ते तिला चालत नाही. मी तिच्या शेजारी चिखलात बसले.

तो अधिकारी पंचविशीचा असेल. माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या कमरेच्या पिस्तुलाच्या कव्हरचं बटण उघडं होतं. मी तिकडे बघतेय हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ते बंद केलं. "मॅम," तो म्हणाला, "मला आधी फक्त कात्रीच दिसली होती."

यापुढचं पटकन सांगता येत नाही, कारण ते घडलंच फार हळू. शिकागोतल्या एका तज्ज्ञ बाईंकडे नंबर लावला. नंबर लागायला कित्येक महिने गेले. त्या दिवसांत मी एक खोटं वाक्य सरकारी रेकॉर्डवर बोलले की खरं, हे मला कळत नव्हतं. आत खोल मला खात्री होती. पण खात्री तर त्या तरुण डॉक्टरलाही होती.

त्या बाई साठीच्या होत्या. त्यांच्या खोलीत ट्यूबलाइट नव्हती, खिडकीतला उजेड होता. त्यांनी आम्हाला आतच बसायला सांगितलं. सईशी त्या गूजबद्दल बोलल्या, मग शाळेबद्दल, मग माझ्याशी सईच्या लहानपणाबद्दल. हे दोन-तीन भेटी चाललं. आणि एकदा त्यांनी तोच प्रश्न विचारला. "इतरांना न ऐकू येणारे आवाज तुला येतात?"

मी श्रीकांतचा हात धरला.

"हो," सई म्हणाली.

"आत्ता येतोय?"

"हो."

"कसला?"

"तुमच्या भिंतीमागे पाण्याचा पाइप आहे. तो थेंब थेंब गळतोय."

बाई उठल्या, भिंतीला कान लावून उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "खरंच की." मग परत बसून विचारलं, "आणि डोक्यात जे बोलतं, ते कोणाच्या आवाजात?" सईने सांगितलं. सातवीतल्या त्या मुलीचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

ऑटिझम आहे, सायकोसिस नाही, असं निदान सांगितलं तेव्हा सईने बराच वेळ विचार केला. शेवटी म्हणाली, "सो आय आन्सर्ड करेक्टली. त्यांनी प्रश्न चुकीचा विचारला."

औषधं एकदम थांबवता येत नाहीत. ती उतरवत आणायची असतात, थोडी थोडी. प्रत्येक वेळी डोस कमी झाला की मी आणि श्रीकांत एकमेकांशी न बोलता तिच्याकडे बघत राहायचो. ती हसली तर वाटायचं, उगाच तर हसत नाहीये ना? स्वतःशी पुटपुटली की मी दाराशी जाऊन शब्द ऐकायचे. ती लहानपणापासून पुटपुटायचीच, पण मधल्या काळात आम्हाला तिची प्रत्येक सवय लक्षण म्हणून बघायला शिकवलं गेलं होतं. ते विसरायला तिच्या शरीराला लागला त्याहून जास्त वेळ आम्हाला लागला. येरझाऱ्या थांबल्या. हाताचा कंप बराचसा गेला, पूर्ण नाही. डाव्या हाताच्या दोन बोटांत तो अजून आहे आणि बहुधा राहील, असं बाई म्हणाल्या. वाया गेलेल्या वर्षांबद्दल पहिल्या डॉक्टरांना पत्र लिहावं असं श्रीकांतच्या फार मनात होतं. त्याने लिहिलंही. उत्तर आलं नाही.

नव्या निदानाचं पत्र मी टेरीच्या टेबलावर ठेवलं, तेव्हा तिने ते वाचलंसुद्धा नाही. म्हणाली, "मी तुझी सूचना त्याच संध्याकाळी बदलली होती." मी तिथेच उभी राहून रडले. नोकरीत पहिल्यांदा आणि शेवटचं.

सई आता वीस वर्षांची आहे. कम्युनिटी कॉलेजात जाते, बसने, एकटी. अंगाने उंच, काळा कोट, रस्त्याने स्वतःशी बोलत जाते. आमच्या गावातल्या पोलिसांना ती माहीत आहे. कॉलेज शेजारच्या गावात आहे. तिथल्यांना माहीत नाही. त्या अधिकाऱ्यासारखी माणसं असतात हे मी पाहिलंय. त्याच्या मागून ओरडणारा दुसराही मी ऐकलाय. रोज सकाळी ती दाराबाहेर पडते तेव्हा तिला त्यांतला कोणता भेटेल, हे मला सांगता येत नाही.

निवृत्त झाल्यापासून मी घरीच असते, म्हणून हे जास्त जाणवतं. लांबून सायरन ऐकू आला, की आवाजावरून मला कळतं, ही ॲम्ब्युलन्स, ही पोलिसांची गाडी. पोलिसांची असली तर मी सईला फोन करायचे. ती उचलत नाही, तिला फोनवर बोलणं आवडत नाही. मग मी पुन्हा करायचे. मग मेसेज. 'कुठे आहेस?' 'ठीक आहेस ना?' 'उत्तर दे.'

मागच्या हिवाळ्यात एकदा असे बरेच मेसेज झाले. ती घरी आली, बूट काढले, हेडफोन काढले, आणि माझ्या दोन भुवयांच्या मध्ये बघत म्हणाली, "आई, युअर फिअर इज व्हेरी लाउड."

मी तिच्यासमोर ताट वाढलं. ती जेवली.

आता सायरन वाजला, की मी फोन स्वयंपाकघरात ठेवते आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसते. घाबरायचं काही थांबलेलं नाही. फक्त तिला ऐकू जाणार नाही, इतक्या हळू घाबरायला शिकतेय.